चोरलचे पाणी आणि गळाची पुस्तके: एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, इंदूर

पावसाळा सरला, चोरलचे पाणी निवळू लागले आणि उन्हाळ्यापासून मनात असलेल्या पुस्तिकेच्या कामाला आज रीतसर सुरुवात केली. पिसे, लोकर आणि दोरा गळावर बांधून केलेल्या नकली किड्यावर मासा धरण्याची जी पद्धत फ्लाय फिशिंग या नावाने ओळखली जाते, ती इंदूरच्या आसपासच्या नद्यांवर कशी करावी आणि ती शिकताना कोणती पुस्तके सोबत ठेवावीत, एवढाच पुस्तिकेचा विषय आहे. आमच्या वाचकमंडळात येणारी महाविद्यालयीन मुले आणि नुकतेच निवृत्त झालेले दोनतीन काका हे तिचे पहिले वाचक. या मंडळींना नदी मनापासून आवडते, पण नदीकाठी उभे राहून नेमके काय पाहायचे हे त्यांना कोणी दाखवलेले नाही.

नदीचा भाग चोरल आणि ओंकारेश्वर ते महेश्वर या टप्प्यातली नर्मदा एवढाच ठेवला आहे. शहरातून वाहणारी कान्ह वगळावी लागली, याचे वाईट वाटते. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले. ते पक्ष्यांसाठी राखलेले पाणी आहे आणि तेथे गळ घेऊन जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तकांसाठी कसोटी एकच ठरवली. लेखकाने पाण्याकडे पुष्कळ काळ बारकाईने पाहिलेले असावे आणि त्याचे पुस्तक वाचल्यावर आपल्या नदीत आजवर न दिसलेली एखादी गोष्ट दिसू लागावी. केवळ पराक्रमाची वर्णने असलेली पुस्तके कितीही प्रसिद्ध असली तरी घेणार नाही.

आणखी एक निर्णय आजच लिहून ठेवतो. नर्मदेतला महसीर, ज्याला काठावरचे लोक बाडस म्हणतात, तो २०११ पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे आणि त्याची अवस्था बिकट आहे. पुस्तिकेत त्याला पकडण्याचे तंत्र शिकवायचे नाही. शिकवायचे ते हलक्या दोरीवर लहान मासे धरून पाण्यातच सोडून देणे, आणि बाडसविषयी जे सांगायचे ते त्याला ओळखता यावे, जपता यावे यासाठी.

२० ऑक्टोबर २०२४, इंदूर

कॉलनीतल्या मैदानावर सकाळी फेकीचा सराव घेतला. गळाऐवजी टोकाला लाल लोकरीची गाठ बांधली होती.

मुलांना पहिल्यांदा पटवून द्यावी लागते ती वजनाची गोष्ट. साध्या गळफेकीत आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला ओढून नेते. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून येथे वजन दोरीच्या अंगातच दिलेले असते. आपण फेकतो ती दोरी आणि फ्लाय तिच्या मागून जाते. दोरीचा क्रमांक तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. पाच नंबरच्या दोरीचे हे वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, आणि आठ नंबरचे २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असते. चोरलसाठी चार किंवा पाच नंबर पुरेसा आहे. नर्मदेच्या उघड्या पात्रात वारा असतो, तेथे सहा नंबर बरा.

फेकीचा जीव मागच्या थांब्यात आहे. दोरी मागे जाऊन पूर्ण सरळ होईपर्यंत हात थांबला पाहिजे, नाहीतर पुढच्या फेकीला रॉड, म्हणजे गळाची काठी, वाकतच नाही आणि दोरी पायाशी गोळा होते. नॉर्मन मॅक्लीन यांच्या १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ रिव्हर रन्स थ्रू इट' या कथेतले धर्मोपदेशक वडील आपल्या दोन्ही मुलांना ही फेक मेट्रोनोम या ठेका देणाऱ्या यंत्राच्या तालावर, चार मात्रांत शिकवतात. तो प्रसंग आज मुलांना वाचून दाखवला आणि तसाच चार मात्रांचा ठेका तोंडाने मोजत सराव घेतला. गाणे शिकणाऱ्या मुलीला थांबा सगळ्यांत आधी साधला.

१० नोव्हेंबर २०२४, कालाकुंड

चोरलवरचा पहिला पूर्ण दिवस. मीटरगेजची जुनी लाइन महूकडून ज्या दरीत उतरते ती दरी चोरलचीच आहे. पातालपानीला हीच नदी कड्यावरून खाली पडते, कालाकुंडपाशी दगडगोट्यांतून वाहते आणि पुढे बडवाहजवळ नर्मदेला मिळते. पाणी गुडघ्याच्या वर कोठेही नव्हते आणि तळाचा दगडन् दगड दिसत होता.

रॉड बराच वेळ पिशवीतच ठेवायला सांगितला. खळाळातला पंजाएवढा धोंडा हळूच उलटून पाहायचा, आणि पाहून झाले की होता तसाच परत ठेवायचा, हे पहिले काम. धोंड्याच्या खालच्या अंगाला वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या, जेमतेम अर्ध्या इंचाच्या नळ्या होत्या. कॅडिस माशीची अळी तोंडातून रेशीम काढून त्याने हे कण सांधते आणि आत राहते. नळी ओल्या तळहातावर ठेवली तर थोड्या वेळाने एका टोकातून काळपट डोके आणि पाय बाहेर येतात. शेजारीच मेफ्लाय या पाणकिड्याच्या अळ्या होत्या, चपट्या, तीन शेपट्यांच्या, पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे कल्ले असलेल्या. पाणी ओंजळीत धरले की ते कल्ले एकामागून एक हलताना स्पष्ट दिसतात. अशा अळ्या जेथे मिळतात तेथे पाण्यात प्राणवायू भरपूर आहे हे कोणत्याही यंत्राशिवाय कळते.

खळाळ संपून पाणी जेथे डोहात शिरते तेथे वेगवान आणि संथ पाण्याची एक शीव असते. लहान मासे त्या शिवेवर, संथ बाजूला उभे राहतात, कारण तेथे ताकद कमी लागते आणि खाद्य तर समोरून वाहत येते. दुपार कलल्यावर तेथे पृष्ठभागावर बारीक वर्तुळे उठू लागली. सोळा नंबरच्या गळावर बांधलेली काळी फ्लाय वरून सोडली, ती शिवेवरून वाहत गेली आणि बॅरिलियस गटातला, बोटाएवढा मासा तिला लागला. चांदीची बाजू, त्यावर उभे निळसर पट्टे, पाठ हिरवट. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून सपाट केला असल्यामुळे मासा हाताने उचलावाही लागला नाही. फ्लाय चिमटीत धरून उलटी केली की तो पाण्यातच सुटतो. पुस्तिकेत हे चित्रासह द्यायचे.

परतताना स्टेशनावर कलाकंद घेतला. येथे येऊन तो न घेता कोणी जात नाही.

२४ नोव्हेंबर २०२४, इंदूर

आल्फ्रेड रोनाल्ड्स यांच्या १८३६ सालच्या 'द फ्लाय-फिशर्स एंटोमॉलॉजी' या पुस्तकावर टिपण पूर्ण केले. माझ्या यादीत पहिला मान या पुस्तकाचा, 'द कम्प्लीट अँगलर' लिहिणाऱ्या वॉल्टनचा नव्हे. रोनाल्ड्स यांनी स्टॅफर्डशायरमधल्या ब्लाइद नदीवर पाण्यालगत एक छोटी झोपडी बांधली आणि माशांना न दिसता तिच्या खिडक्यांतून ते त्यांचे वागणे पाहत बसले. माशांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांनी कुंपणाआडून बंदुकीचे बार काढायला लावले; मासे हलले नाहीत. चव कळते का हे तपासण्यासाठी घरमाश्यांना मध, मोहरी, लाल तिखट लावून त्या पाण्यात सोडल्या आणि ट्राउट मासे त्या खात राहिले. त्यांचे सगळेच निष्कर्ष आज टिकतील असे नाही, पण ऐकीव समजुती बाजूला ठेवून प्रत्यक्ष नदीलाच प्रश्न विचारण्याची ही रीत मुलांनी उचलावी असे फार वाटते.

माशाला काठावरचा माणूस कसा दिसतो हा भागही त्यांनी घेतला आहे. पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो, त्यामुळे माशाला वरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूतून, म्हणजे तो जितका खोल असेल त्याच्या साधारण सव्वादोन पट व्यासाच्या वर्तुळातून दिसते. त्या वर्तुळाबाहेर पृष्ठभागावर त्याला तळाचेच प्रतिबिंब दिसत असते. क्षितिजालगतच्या वस्तू वर्तुळाच्या कडेला चेपून, अंधूक होतात. म्हणून चोरलसारख्या उथळ, नितळ नदीवर वाकून, शक्य तर बसून फेकावे आणि भडक कपडे घालू नयेत. ही सूचना पुस्तिकेत कारणासह देता येते याचे समाधान आहे.

८ डिसेंबर २०२४, इंदूर

फ्लाय बांधण्याचा दिवस. फ्रँक सॉयर हे विल्टशायरमधल्या एव्हन नदीचे राखणदार. त्यांनी आपली प्रसिद्ध निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल, दोरा न वापरता बारीक तांब्याच्या तारेनेच बांधली. तारेने पिसे गळावर घट्ट बसतात आणि तिच्याच वजनाने फ्लाय तळाशी जाते. इंदुरात मोटर वाइंडिंगच्या कोणत्याही दुकानात अशी तार मिळते. दुकानदारांनी उरलेल्या रिळावरची मूठभर तार पैसे न घेताच दिली.

सॉयर यांनी फेझंट पक्ष्याच्या शेपटीची पिसे घेतली. आम्ही आपसूक गळून पडलेल्या मोरपिसाचे तंतू घेतले. शिकार करून किंवा उपटून काढलेली पिसे चालणार नाहीत, हे पुस्तिकेत ठळक लिहायचे आहे. मोरपिसाचा एक तंतू जवळून पाहिला तर त्याला बारीक लव असते आणि ओला झाला की त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकून तो चमकतो. चार तंतूंची टोके शेपटी म्हणून गळाच्या वाकणापाशी तारेच्या तीन वेढ्यांनी पकडायची, तेच तंतू तारेभोवती पिळून पुढे गळाच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापर्यंत, गुंडाळत न्यायचे, छातीचा भाग फुगीर करण्यासाठी मागेपुढे दुमडायचे आणि तारेचा फास घालून तोडायचे. पक्का हात बसला की पाच मिनिटांचे काम आहे.

२२ डिसेंबर २०२४, इंदूर

आजची नोंद 'मानसोल्लास' या ग्रंथाची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, ११३०च्या सुमारास, हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठी वाचकाला तो बहुधा जुन्या मराठी पदांच्या उल्लेखामुळे माहीत असतो. राजाने मन कसे रमवावे हे सांगणाऱ्या त्याच्या भागात 'मत्स्यविनोद' हे प्रकरण आहे आणि ते गळाने मासे धरण्यावर आहे. गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये बडोद्याहून ग. कु. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला हा ग्रंथ तीन खंडांत निघाला. पहिला खंड १९२५ चा. सयाजीरावांच्या बडोद्याने हे काम हाती घेतले म्हणून आज इंदुरात बसून मला ते पाहता येते.

प्रकरणाची मांडणी पाहून आदर वाटतो. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते अशी विभागणी आधी येते. कोणत्या माशाला कोणते खाद्य द्यावे हे वेगळे सांगितले आहे. मग दोरी, गळ, काठी आणि मासा लागल्यावर त्याला कसे खेळवावे याचा क्रम आहे. इंग्रजीतला गळावरचा पहिला छापील प्रबंध, जो डेम ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावे सांगितला जातो, तो १४९६ चा. म्हणजे सोमेश्वराचे प्रकरण त्याच्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे लिहिले गेले. हे सांगताना अभिमान वाटतो, पण तेवढ्यावर थांबू नये. फ्लाय मात्र सोमेश्वराकडे नाही. पिसांच्या नकली किड्याचे जुने वर्णन सुमारे इ. स. २०० मधल्या ईलियन या रोमन लेखकाच्या लेखनात, मॅसिडोनियातल्या एका नदीसंदर्भात, लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे अशा स्वरूपात येते. दोन्ही गोष्टी पुस्तिकेत शेजारीशेजारी द्यायच्या. माशाला आधी नीट ओळखावे, त्याची खाण्याची सवय समजून घ्यावी आणि मग गळाला हात घालावा, हा क्रम सोमेश्वराच्या प्रकरणात जितका स्पष्ट आहे तितका नंतरच्या अनेक पुस्तकांत नाही.

१२ जानेवारी २०२५, इंदूर

आयझॅक वॉल्टन यांचे 'द कम्प्लीट अँगलर', १६५३. भाषा गोड आहे आणि नदीकाठच्या गप्पांचा सुखद सूर आहे, पण फ्लाय शिकायला वॉल्टन घेऊ नये. तो मुख्यतः आमिषाचा माणूस. फ्लायचा खरा भाग त्यांचे तरुण मित्र चार्ल्स कॉटन यांनी १६७६ च्या पाचव्या आवृत्तीला जोडला. यादीत दोघांची नावे, शिफारस कॉटनच्या भागाची.

४ फेब्रुवारी २०२५, नर्मदा जयंती, बडवाह

आज रॉड नेला नव्हता. जयंतीच्या दिवशी नर्मदेत गळ टाकणे आमच्यापैकी कोणालाच रुचले नसते. काठाकाठाने हिंडून केवट वस्तीतल्या वडीलधाऱ्यांशी बोलायचे होते.

एका वृद्ध केवटदादांनी हात पसरून दाखवले की त्यांच्या तरुणपणी बाडस केवढा लागत असे, आणि मग पुष्कळ वेळ नदीकडे पाहून सांगितले की आता जाळ्यात दिसला तर लोक बघायला जमतात. त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. १९६०च्या दशकातल्या पाहण्यांत मध्य नर्मदेतल्या पकडीत महसीरचा वाटा सुमारे पाव भरत असे. आता तो नगण्य आहे. कारणे गूढ नाहीत. हा मासा पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून स्वच्छ, वाहत्या पाण्यातल्या खड्यागोट्यांच्या तळावर अंडी घालतो. २००५ मध्ये पूर्ण झालेले इंदिरा सागर, त्याखालचे २००७ चे ओंकारेश्वर आणि खाली सरदार सरोवर, ज्याची पूर्ण उंची १३८.६८ मीटर आहे, यांमुळे त्याची वाट तुटली आणि खळाळते टप्पे संथ साठ्यांखाली गेले. त्यात वाळूचा उपसा आणि बारीक आसाची जाळी यांची भर. वन विभागाच्या बडवाह परिसरातल्या कामात बाडसचे कृत्रिम प्रजनन साधले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण पिल्ले सोडायची तर त्यांना चढायला चोरलसारख्या उपनद्या जिवंत असाव्या लागतील.

या संदर्भात एच. एस. थॉमस यांचे १८७३ चे 'द रॉड इन इंडिया' पुन्हा उघडले. मद्रास इलाख्यातले हे मुलकी अधिकारी मंगळूरकडे होते. महसीरच्या तोंडात दात नसतात, ते घशात असतात आणि तेथे तो गळसुद्धा चेपू शकतो, हे समजून घेतले म्हणजे त्याच्या साधनांविषयीच्या सूचना कळतात. पण मला थॉमस महत्त्वाचे वाटतात ते पिल्ले मारणाऱ्या जाळ्यांविरुद्ध आणि सापळ्यांविरुद्ध त्यांनी इतक्या लवकर आवाज उठवला म्हणून. स्फोटके आणि विष घालून मासेमारी करण्यास बंदी घालणारा कायदा १८९७ मध्ये आला. अशा जुन्या पुस्तकांत कोणत्या नदीत कोणता मासा किती मोठा मिळे याची नोंद राहून जाते आणि शंभर वर्षांनी तीच नोंद नदीने काय गमावले याचे माप ठरते. आमच्या पुस्तिकेच्या शेवटी कोरी नोंदपत्रके जोडायचा निर्णय याच विचाराने घेतला.

श्रद्धेचाही भाग लिहायला हवा. महाडजवळच्या वाळणकोंडीच्या डोहातले महसीर देवीचे म्हणून राखले गेले आहेत. महेश्वरच्या घाटावरही लोक माशांना खाऊ घालतात. घाटांवर गळ टाकू नये हा नियम आम्ही स्वतःहून घालून घेतला.

सुरक्षिततेचे पान आज काठावर बसूनच लिहिले. धरणाखालच्या नदीत वीजघर सुरू झाले की पाणी अचानक वाढते. एप्रिल २००५ मध्ये धाराजीच्या मेळ्यात रात्री असेच पाणी वाढून यात्रेकरू वाहून गेले. म्हणून नर्मदेत मधल्या कातळावर जाऊन उभे राहायचे नाही, काठावरच्या एखाद्या दगडाची पाणरेषा सतत पाहत राहायची आणि भोंगा वाजताच बाहेर यायचे. इंदूरच्या नळांना १९७८ पासून जलूदहून येणारे पाणी याच नदीचे आहे, हे वाक्यही त्या पानावर मुद्दाम ठेवले.

१६ मार्च २०२५, इंदूर

कथात्मक पुस्तकांचे टिपण. हेमिंग्वे यांची १९५२ ची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही कादंबरिका पु. ल. देशपांडे यांनी 'एका कोळियाने' या नावाने १९६५ मध्ये मराठीत आणली. ती फ्लायची नाही, समुद्रातल्या हातदोरीची आहे, तरीही घ्यायची, कारण म्हातारा चार आमिषे चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे फॅदम (एक फॅदम म्हणजे सहा फूट) अशा नेमक्या खोलीवर सोडतो आणि दोऱ्या सरळ ठेवण्याविषयी कमालीचा काटेकोर असतो. नशीब कधीही येईल, आपण तयार असावे, ही त्याची शिस्त आमच्या कामालाही लागू आहे. जिम कॉर्बेट यांच्या १९४४ च्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकात महसीरवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. मुलांना ते माहीत नव्हते आणि वाचल्यावर सगळ्यांना आवडले.

१५ जून २०२५, इंदूर

उद्यापासून १५ ऑगस्टपर्यंत राज्यातल्या नद्यांवर मासेमारीला बंदी आहे. माशांच्या प्रजननाचा हा काळ. नियम मोडल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चौकटीत घेतले आहे, आणि परवान्याविषयी मत्स्योद्योग खात्यात आधी चौकशी करावी ही सूचना त्याखाली.

मजकूर पूर्ण झाला आहे. यादीचा क्रम रोनाल्ड्स, मत्स्यविनोद, कॉटन, थॉमस, सॉयर, कॉर्बेट, मॅक्लीन आणि शेवटी 'एका कोळियाने' असा राहील. काकांनी वॉल्टनला वेगळे पान द्यावे असा आग्रह धरला होता, पण मी तो मान्य केला नाही. नोंदपत्रकात तारीख, जागा, पाण्याची खोली आणि गढूळपणा, दगडाखाली सापडलेल्या अळ्या, लागलेला मासा, त्याची लांबी आणि तो कसा सोडला असे रकाने केले आहेत, आणि बाडस दिसल्यास ठिकाण उघड न करता फक्त महिना व अंदाजे आकार लिहावा अशी सूचना खाली दिली आहे. मेफ्लायची अळी, कॅडिसची नळी आणि खळाळाचा छेद ही तीन चित्रे बाकी आहेत; गाणे शिकणारी तीच मुलगी ती शाईने काढून देणार आहे, आणि ती हाती आली की छपाईचा अंदाज घ्यायचा आहे.